ओले गमबूट

१

रोज सकाळी नायरी आधी बाबाला भेटायची, मगच कामाला हात लावायची.

बाबा, म्हणजे मर्डो सिंक्लेअर, जुलैच्या ऐन थंडीत गेला होता. आता डिसेंबर लागला होता, जगाच्या या दक्षिण टोकाला उन्हाळा सुरू झाला होता, पोर्ट चाल्मर्सच्या धक्क्याला पर्यटकांची मोठाली जहाजं लागायला लागली होती. तरी नायरी रोज जिना चढून वरच्या कामाच्या खोलीत यायची, खुर्ची ओढायची, कानाला हेडफोन लावायची आणि स्वतःच बनवलेला कॉम्प्युटरवरचा खेळ सुरू करायची. पडद्यावर एक स्वयंपाकघर उजाडायचं. खिडकीबाहेर बंदर, लोखंडी शेगडीवर किटली, दाराशी काळे गमबूट. किटली शिट्टी मारायची. पाठमोरा उभा असलेला म्हातारा न वळताच म्हणायचा, "आलीस का? बस, चहा ठेवलाय."

एवढं ऐकलं की ती खेळ बंद करायची. तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

तो आवाज खरोखरीच बाबाचा होता. समोरच्या टेबलावर बसणारा टाविता, तिचा भागीदार, तेवढा वेळ अवाक्षर काढायचा नाही. एरवी हा सामोअन गडी झोपेतसुद्धा गप्पा मारेल. पण त्या घडीला हातातला चीज रोल चावायचासुद्धा थांबायचा. मर्डोकाकावर त्याचाही जीव होता.

खेळाचं नाव 'उद्या'. एका बंदरगावात एकच दिवस पुन्हा पुन्हा उगवतो. सकाळी किटली वाजते, संध्याकाळी वादळ येतं, म्हातारा नावाडी कुणाला तरी वाचवायला होडी घेऊन निघतो. निघताना म्हणतो, "आलोच. किटली उतरवू नकोस." आणि बुडतो. बुडाला की पुन्हा सकाळ, पुन्हा किटली. खेळणाऱ्याने कालचं लक्षात ठेवून आज काहीतरी वेगळं करायचं, आणि कसंही करून त्या गावाला एकदाचं उद्यापर्यंत न्यायचं.

आणि गंमत अशी की तो उद्याच अजून तयार नव्हता. फेब्रुवारीत खेळ बाजारात यायचा होता, बाकी सगळं झालं होतं, आणि नायरीबाईंनी शेवट लिहिला नव्हता. शेवट काय ते बाबा असतानाच ठरलेलं. म्हाताऱ्याला वाचवता येत नाही. त्याला जाऊ द्यायचं, तरच दिवस पुढे सरकतो. बाबाला ते फार पटलं होतं. "चला, शेवटी सुटतो म्हणायचा बिचारा," असं म्हणाला होता.

पण तो शेवट लिहिला की दुसऱ्या दिवशी ते स्वयंपाकघर रिकामं दिसणार होतं. नायरी रोज लिहायला बसायची आणि तिचा हात काही केल्या तिकडे वळायचा नाही. तारीख जवळ येत होती हे दोघांनाही कळत होतं.

त्या दिवशी नेहमीसारखी किटली वाजली. म्हातारा बोलला. नायरीने बंद करायला हात पुढे केला आणि तिचं लक्ष दाराकडे गेलं.

गमबूट ओले होते. खाली फरशीवर पाण्याचं लहानसं थारोळंही होतं.

२

"टाविता, बुटांना पाणी तू घातलंस?"

"मी कशाला घालू? माझी आई मला घरातली झाडं पाण्याशिवाय मारतो म्हणून शिव्या देते."

"मग हे बघ."

त्याने खुर्ची सरकवून बघितलं आणि खांदे उडवले. "सुटले असतील."

खेळात दिवस मागे फिरवायचा म्हणजे काही जादू नसते हो. नाटकाचा प्रयोग संपला की पडद्यामागची माणसं पहिल्या अंकाची मांडामांड पुन्हा करतात ना, तसंच ते. खुर्ची खुर्चीच्या जागी, कप कपाच्या जागी, म्हाताऱ्याचं डोकं कोरं. ज्याला कालचं आज आठवायला हवं त्याला तेवढी खूण करून ठेवतात. 'उद्या'मध्ये ही खूण एकट्या खेळणाऱ्याला होती. आणि मांडामांडीतून एखादी गोष्ट सुटली तर ती कालच्यासारखीच राहून जाते. या धंद्यात असल्या चुका रोजच्या. एकदा टाविताकडून गावातली बेकरी सुटली, तर रोजचे पाव रोजच्या पावांवर साचत गेले आणि आठवड्याने छपरातून बाहेर आले. दोघं पोट धरधरून हसले होते.

तेव्हा ओल्या बुटांचं नवल वाटायचं काही कारण नव्हतं. संध्याकाळी म्हातारा ते घालून बुडतो; सकाळी कोरडे व्हायचे राहिले, झालं.

टाविता बराच वेळ शोधत राहिला. मग शोधायचा थांबला, आणि पडद्याकडेच बघत म्हणाला, "बूट सुटलेले नाहीत. बूट त्याच्या अंगावरचे म्हणून धरले जातात. तो सुटलाय. म्हाताऱ्याला खूण आहे, नायरी."

नायरी म्हणाली, "मीच केली होती. तपासायला."

तसं करतातही. एखादं पात्र एका दिवसातून दुसऱ्या दिवसात नीट येतं की नाही हे बघायला त्याला घटकाभर खूण करायची, बघायचं, आणि आठवणीने काढायची. ती आठवणीने काढायची गोष्टच राहून जाते, हे या लोकांचं कायमचं दुखणं.

"कधी केलीस?"

"जुलैत. बाबाला पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी."

टाविताने मान वळवून तिच्याकडे बघितलं. मग तिला खरं सांगावंच लागलं. त्या सकाळी तिने खेळ लावला होता आणि म्हातारा "आलीस का?" म्हणाला होता, आणि तिला एकदम उमगलं होतं की तो हे कुणालाही म्हणतो. रोज संध्याकाळी तो तिला विसरतो. बाबा आपल्याला विसरतो, हे तिला सोसवलं नाही. मनाला बरं वाटावं म्हणून तिने खूण केली आणि तशीच ठेवली.

"म्हणजे तेव्हापासून त्याला सगळं आठवतंय."

"कुणाला? अरे, तो आकड्यांचा आहे! आठवायला त्याच्याकडे आहे काय?"

टाविताने कोपऱ्यात गुणगुणणाऱ्या यंत्राकडे बघितलं. ऑगस्टपासून शेकडो माणसं घरबसल्या या खेळाची चाचणी घेत होती, आणि त्या सगळ्यांचा खेळ चालायचा या एकाच यंत्रावर. त्या सगळ्यांनी मिळून त्या म्हाताऱ्याला किती वेळा बुडवलं असेल, हे दोघांच्याही मनात आलं.

"काढून टाक ती खूण," तो एवढंच म्हणाला.

"काढते."

तिने काढली नाही.

३

बाबाने सगळी हयात बंदरातल्या टगबोटीवर काढली होती. मोठमोठी जहाजं दोरखंडाने ओढून धक्क्याला लावायची, सोबत विड्या फुंकायच्या, आणि निवृत्त झाल्यावर फुप्फुसं सांभाळत बसायचं. लेकीने खेळासाठी आवाज मागितला तेव्हा म्हणाला, "देतो. पण तुमच्या त्या कपाटासारख्या खोलीत बसून बोलणार नाही. माणूस बोलतो तो स्वयंपाकघरात."

म्हणून तिने डेबोरा बे नावाच्या खाडीकाठच्या वस्तीतल्या त्याच्या घरात, त्याच्या स्वयंपाकघरात माईक लावला. खेळातली किटली म्हणजे तीच किटली. खेळातली खुर्ची, खिडकी, दाराशी ते काळे बूट, सगळं तिथलंच उचललेलं.

आणि बाबा काही एका दमात वाक्य म्हणू शकायचा नाही. मध्येच खोकला यायचा.

"पुन्हा?" तो विचारायचा.

"एकदाच, बाबा. शेवटचं. खोकला न काढता."

"खोकला न काढता मी जन्मात काही बोललोय का? तुझ्या आईला मागणी घातली तीसुद्धा खोकतच. ती म्हणाली, आधी पाणी पी, मग सांगते."

"बाबा, म्हण ना."

"म्हणतो, बाई, म्हणतो. बुडवायचं ते मलाच, आणि वर नीट बूड म्हणून सांगायचं!"

ती हसायची, आणि पुन्हा म्हणायला लावायची. तोही पुन्हा म्हणायचा. पुन्हा, आणि पुन्हा. दमला तरी नाही म्हणायचा नाही. शेवटच्या प्रसंगाची वाक्यं तेवढी राहिली होती. ती घ्यायला नायरी माईक घेऊन गेली त्या दिवशी दार उघडंच होतं, आणि बाबा खुर्चीत बसल्या बसल्या गेला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर, पायात बूट. शेगडीवर किटली जळून काळी झाली होती.

४

चाचणीवाले खेळून झालं की आपलं म्हणणं लिहून पाठवायचे, आणि सकाळच्या चहाला टाविता ते नाटकी आवाजात वाचून दाखवायचा. ही त्यांची करमणूक.

"ऐक. 'मासेवाल्या बाईचा कुत्रा भिंतीतून जातो.' जाऊ दे की बापडा, कुत्रा आहे. 'म्हातारा होडीकडे जातच नाही. पायरीपाशी उभा राहून समुद्राकडे बघत बसतो.' हं. 'म्हातारा माझ्या मागे मागे फिरतो, फार छान केलंय.' आपण कुठे केलंय?"

"खुणेमुळे," नायरी म्हणाली. "कालची चाल आज पुढे चालू राहते."

"तू ती काढली नाहीस?"

"काढणार आहे."

टाविता पुढचं वाचायला लागला आणि त्याचा नाटकी आवाज हळूहळू उतरला. "'नवीन संवाद फार आवडला. मी सकाळी दारातून आत गेले तर म्हातारा म्हणाला, पुन्हा आलात? अंगावर काटा आला.'"

खाली रस्त्यावरून ओंडक्यांचा एक ट्रक धक्क्याकडे गेला. खिडकीची काच थरथरली आणि थांबली.

"असं वाक्य नाहीये आपल्याकडे," टाविता म्हणाला.

नसणारच. बाबाचं एकूण एक वाक्य नायरीला पाठ होतं. आणि तिच्या मनात पहिली गोष्ट आली ती भीतीची नव्हती, संतापाची होती. हल्ली कुणाचाही आवाज यंत्राला शिकवता येतो आणि त्याच्याकडून हवं ते वदवून घेता येतं. शेवटची वाक्यं अडली आहेत, तारीख जवळ आली आहे. हे सोपंच होतं की!

"माझ्या बापाच्या आवाजाशी खेळलास तू?"

"काय?"

"शेवट होत नाही म्हणून तूच बनवलास ना? मला न विचारता?"

टाविता उभा राहिला. एवढा थोराड माणूस, पण त्याचं तोंड रडवेल्या पोरासारखं झालं. "मी त्याला खांदा दिलाय, नायरी. पावसात. तुझ्या चुलतभावाचा पाय घसरला तेव्हा त्याचाही भार मी घेतला. आणि मी त्याच्या आवाजाची नक्कल करीन?"

"मग कुणी केलं?"

"मला तर वाटलं तू केलंस," तो म्हणाला. "रोज सकाळी त्याच्यापाशी बसतेस. मला वाटलं, एवढं ऐकून भागत नसेल तुझं. म्हणून मी विचारलं नाही."

तिने केलं नव्हतं, त्याने केलं नव्हतं, आणि या खोलीची तिसऱ्या कुणाकडे किल्ली नव्हती. मग त्यांनी आवाजांची सगळी साठवण उघडून ऐकून काढली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकही वाक्य जास्तीचं निघालं नाही.

५

"दोघं मिळून बघू," टाविता म्हणाला. "आत्ताच. खिडक्या उघड्या ठेवून."

भर दुपार होती. खालून चिप्स तळल्याचा वास येत होता, कुणीतरी हातगाडी ढकलत शीळ वाजवत होतं. त्यांनी हेडफोन काढून आवाज मोकळा सोडला आणि खेळ लावला.

स्वयंपाकघर उजाडलं. किटली वाजली नाही. फरशीवर पाणी होतं. नुसतं थारोळं नव्हे, भिंतीपासून भिंतीपर्यंत, खुर्चीचे पाय बुडतील इतकं. खिडकीतलं ऊन त्याच्यावर हलत होतं.

म्हातारा खुर्चीत बसला होता.

"नायरी," टाविता अगदी हळू म्हणाला. "त्याला बसता येत नाही."

खरं होतं. म्हाताऱ्याने उभं राहायचं, चालायचं, वल्ही मारायची, एवढंच त्यांनी त्याला दिलं होतं. बसणं कुठे लागतच नव्हतं, म्हणून केलंच नव्हतं. आणि हा बसला होता, जरासा पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. बाबाला तसं बसलेलं फक्त नायरीने पाहिलं होतं. टाविताला तिने ते कधी सांगितलं नव्हतं.

तोंड खिडकीकडे होतं, दिसत नव्हतं. खांदे वरखाली होत होते. श्वास ऐकू येत होता, तोच तो, शेवटाला बारीक शीळ घालणारा. नायरीने स्वतःला बजावलं की श्वासाचे तुकडे आपल्याकडे आहेत, वाक्यांच्या मधले. यंत्राने ते जोडले असतील, चुकून जोडले असतील. आणि पाणी म्हणजे समुद्राचंच, मागे फिरायचं राहिलेलं. प्रत्येक गोष्टीला कारण सापडत होतं. ती एकेक कारण लावत बसली, आणि मग म्हातारा बोलला.

"दमलो गं पोरी."

टाविताने छातीवर क्रूस काढला आणि हात लांब करून पडदा बंद केला. कोपऱ्यातलं यंत्र मात्र चालूच होतं.

"माझ्या आजीला हे कळलं ना, तर ती आधी तुझे कान उपटील, मग माझे," तो म्हणाला. "गेलेल्या माणसाला असं धरून ठेवायचं असतं का गं? बस्स झालं. सोड त्याला."

"खूण काढते. आत्ता काढते. तो विसरेल सगळं."

"विसरेल आणि बुडत राहील. रोज, नव्याने. तुला ते बरं वाटतंय?"

नायरी रडायला लागली. टाविताने तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि ती बापासाठी इतके महिने जेवढी रडली नव्हती तेवढी तिथे रडली.

"उद्या लिही, नायरी," तो म्हणाला. "त्याला त्याचा उद्या दे."

६

तिने लिहिला. इतके महिने अडलेलं काम एका बैठकीत झालं, कारण मुळात त्यात करण्यासारखं फारसं नव्हतंच. संध्याकाळी म्हातारा दाराशी येतो. खेळणाऱ्याला एकच गोष्ट करता येते: 'जाऊ दे' म्हणायचं. तो जातो, वादळ येतं आणि ओसरतं, आणि दिवस मागे फिरत नाही. बाबाची वाक्यं नव्हती म्हणून प्रसंग मुकाच ठेवला. खूणही काढली. टाविताने चाचणी थांबवून कोपऱ्यातलं यंत्र बंद केलं. खोली अशी शांत झाली की दोघांनाही चुकल्याचुकल्यासारखं झालं.

पहिल्यांदा तो शेवट बघायचा तो बाबाच्या घरी, आणि एकटीने, असं तिने ठरवलं. टाविता सोबत येतो म्हणाला. ती नको म्हणाली.

डेबोरा बेचं घर जुलैपासून बंदच होतं. मागच्या पडवीत बाबाचे बूट, जुलैत त्याच्या पायातून काढून ठेवलेले, तसेच उभे होते. तिने मुद्दाम वाकून बघितलं. कोरडे ठणठणीत, एकाच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलं होतं, तेही धुळीने भरलेलं. तिला स्वतःचंच हसू आलं. आत येऊन तिने खिडकी उघडली, खेळाची प्रत घेतलेला लॅपटॉप टेबलावर ठेवला, हेडफोन लावले. बाहेर स्वच्छ ऊन होतं, भरती येत होती, झाडावर टुई पक्षी ओरडत होता.

मधला सगळा दिवस तिने भराभर काढला. पाणी नव्हतं. बूट कोरडे होते. म्हातारा त्याची वाक्यं म्हणत होता, जेवढी होती तेवढीच. तिच्या छातीवरचं ओझं उतरत चाललं. खूण काढल्याबरोबर सगळं ताळ्यावर आलं होतं; चूक होती ती, साधी चूक.

संध्याकाळ झाली. म्हातारा दाराशी आला आणि थांबला. पडद्यावर शब्द आले: 'जाऊ दे.'

तिने बराच वेळ लावला. तोही थांबून राहिला. मग तिने कळ दाबली.

म्हाताऱ्याने बूट घातले नाहीत. हे तिने लिहिलेलं नव्हतं. त्याने ते शेजारी शेजारी नीट लावून ठेवले, अनवाणी उंबरठ्यापर्यंत गेला, आणि मुक्या ठेवलेल्या त्या प्रसंगात, हेडफोनमधून, अगदी कानाशी म्हणाला, "किटली उतरव आता."

दार लागलं. वादळ आलं आणि गेलं. मग पडद्यावर दुसरी सकाळ झाली. शेगडी थंड. किटली खाली उतरवलेली. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं.

नायरी म्हणाली, "जा, बाबा." तिने ते मनापासून म्हटलं, आणि त्या घटकेला तिला खरोखर हलकं वाटलं.

७

पण माणसाचं मन मोठं हावरं.

ती त्या रिकाम्या स्वयंपाकघरात फिरत राहिली. खेळात फिरता येत होतं, करता काही येत नव्हतं. खिडकीपाशी गेली, टेबलापाशी आली. दोन कप होते, दोन्ही पालथे. पडद्यावरची ती खोली आणि ती बसली होती ती खोली, एकच. दोन्हीकडे तीच बाबाची खुर्ची, आणि दोन्हीकडे ती रिकामी. आता उद्या सकाळी जिना चढून गेल्यावर कुणाला भेटायचं, हा विचार आला.

खेळ पहिल्यापासून लावला तर?

तसं बघितलं तर त्यात काय वाईट होतं? खूण काढली होती. त्याला काही आठवणार नव्हतं. पहिल्यापासून म्हणजे नुसता आवाज, भरून ठेवलेला. फेब्रुवारीत खेळ विकत घेणारा प्रत्येक जण तेच करणार होता. सगळ्या जगाने ऐकायचं आणि लेकीनेच तेवढं ऐकायचं नाही? एकदाच. 'आलीस का' एवढंच ऐकायचं आणि बंद करायचं.

तिने कळ दाबली.

अंधार झाला, आणि त्यातून किटलीची शिट्टी सुरू झाली. स्वयंपाकघर उजाडलं. पाणी टेबलाच्या कडेला लागलं होतं, दोन्ही कप त्याच्यावर तरंगत होते. म्हातारा शेगडीपाशी पाठमोरा उभा होता, कमरेइतक्या पाण्यात. केस मानेला चिकटलेले, सदरा पाठीला चिकटलेला. तो काही म्हणाला नाही. किटली वाजत राहिली, वाजतच राहिली.

मग त्याने मान थोडी वळवली. त्या बाजूने त्याचा चेहरा तिने कधी घडवलाच नव्हता. एक कान दिसला, आणि ओला गाल, आणि गालावर बाबा दाढी करताना नेहमी राहून जायची ती पांढऱ्या केसांची पट्टी.

"पुन्हा?" त्याने विचारलं.

राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. माईक समोर ठेवून बसलेला असताना विचारायचा ना, तस्संच विचारलं, दमलेलं, आणि तिच्यासाठी तयार.

नायरीने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. आता लॅपटॉप मिटायचा, उठायचं, दार ओढून घ्यायचं. एवढंच करायचं होतं आणि ते तिला कळतही होतं. पण तिच्या तोंडून आलं ते भलतंच.

"एकदाच, बाबा," ती म्हणाली. "शेवटचं."

म्हाताऱ्याने मान हलवली. पाणी तुडवत तो दाराकडे गेला, वाकला, आणि पडद्याच्या कडेआड झाला.

तिच्या पाठीमागे, पडवीत, कुणीतरी बूट उचलला. पायरीच्या दगडावर पाणी पडल्याचा आवाज आला, बदाबदा, बराच वेळ, एका बुटात मावणार नाही इतकं. मग दुसरा बूट. मग ओल्या रबरात पाय घालताना होतो तो आवाज, आणि थोडं थांबून, दम खात, पुन्हा तोच.

ती वळली नाही. खुर्चीची कड घट्ट धरून पडद्याकडेच बघत राहिली. पावलं उंबरठा ओलांडून आत आली आणि तिच्या खुर्चीमागे थांबली. थंड पाण्याचा एक थेंब तिच्या मानेवर पडला. श्वास ऐकू आला, शेवटाला बारीक शीळ घालणारा. खोकला दाबून धरल्यासारखा तो क्षणभर अडखळला.

आणि मग, तिला हवं होतं अगदी तसं, एका दमात, खोकला न काढता, बाबा म्हणाला,

"आलीस का? बस, चहा ठेवलाय."